वारुळावरच्या अळंबीत खरंच मटणाएवढी ताकद असते का?

कुडाळकरीण | 14 जुलै, रात्री 10.40

मंडळी, एक प्रश्न आहे, आणि मला त्याचं नीट उत्तर हवं आहे.

माझी आई कुडाळजवळच्या वाडीत एकटी राहते. वय 71, वजन 54 किलो. गेल्या महिन्यात फार थकवा आला म्हणून डॉक्टरांना दाखवलं. रक्त तपासून ते म्हणाले, जेवणात प्रथिनं फारच कमी आहेत, ती वाढवा. आईचा मात्र आषाढी एकादशीपासून चातुर्मास असतो, चार महिने मासे-अंडी बंद. डाळीने पोट फुगतं म्हणते. मी डोंबिवलीहून फोनवर रोज तेच तेच सांगते आणि ती रोज "बरां" म्हणून फोन ठेवते.

काल फोनवर आवाज एकदम खुललेला. शेजारच्या काकींनी टेंबावरच्या वारुळावरची अळंबी आणून दिली होती, पानात बांधून. म्हणाली, "आता काळजी करू नको, हेच्यात मटणाएवढी ताकद आसा." माझी आजीही हेच म्हणायची. बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला पहिली अळंबी द्यायची आमच्याकडे पद्धत होती.

तर खरंच असं आहे का? रानातल्या अळंबीत प्रथिनं किती? बाजारातल्या बटन मशरूमपेक्षा जास्त का? आईच्या वयाला पचते का? कोणाला ठाऊक असेल तर आकड्यांसकट सांगा. मला तिला खोटं पाडायचं नाही, पण तिच्या पोटात नेमकं काय जातंय ते कळायला हवं.

तिरफळ | 14 जुलै, रात्री 11.05

ताकदीचं माहीत नाही, पण वर्षातून एकदाच मिळते आणि त्या दिवशी भात दुप्पट लागतो. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा आणि काकींचा पत्ता द्या.

देवगडचो_बाबलो | 15 जुलै, सकाळी 7.20

आमच्याकडे अळमी म्हणतत. मिरगाचो पाऊस धो धो पडून गेलो, मगे दोन दिवस उघडीप पडली आणि रात्री गडगडला, की सकाळी टॉर्च घेवन भायर पडाचा. उजाडल्यावर गेलास तर दुसरो कोणतरी घेवन गेलेलो असता. जागा कोण कोणाक सांगणा नाय. माझ्या बापाशीन माका त्येची जागा मरायच्या आदल्या पावसात दाखवली.

मटणाचा म्हणशात तर वास तसोच येता. रस्सो चाखलास तर सागोती काय अळमी ता डोळे मिटून वळखूचा नाय.

पथ्यपाणी | 15 जुलै, सकाळी 9.48

कुडाळकरीणताई, मी आहारतज्ज्ञ आहे, मूळची गुहागरची. थोडं सविस्तर लिहिते.

अळंबी कुठलीही असो, ताजी असताना तिच्या वजनात साधारण 90 टक्के पाणीच असतं. म्हणजे 100 ग्रॅम अळंबीत खरा ऐवज 10 ग्रॅमच. बाजारातल्या पांढऱ्या बटन मशरूमचे आकडे पक्के मोजलेले आहेत: 100 ग्रॅममध्ये सुमारे 3 ग्रॅम प्रथिनं, 22 कॅलरी, चरबी जवळजवळ नाही, पोटॅशियम 300 मिलिग्रॅमच्या वर. रानातली जात, माती आणि पाऊस यांप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण ताज्या वजनावर ते मटणाच्या जवळपासही जात नाहीत. बांगडा किंवा मटण 100 ग्रॅमला 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं देतं.

मग "मटणाएवढी" हे आलं कुठून? सुक्या वजनावर मोजलं तर बऱ्याचशा खाद्य अळंबींत 20 ते 30 टक्के प्रथिनं भरतात. तो आकडा कोणीतरी उचलतो आणि ताज्या अळंबीला चिकटवतो. इथे आणखी एक मेख आहे. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. अळंबीच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात आणि कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, पण तो काही प्रथिनाचा नव्हे. म्हणून अळंबीसाठी 4.38 ने गुणायचं असा संकेत आहे. जुन्या पद्धतीने 30 टक्के आलेला आकडा या हिशेबाने 21 वर येतो.

पण एवढ्यावरून अळंबीत काही नाही असं समजू नका. बी-2 आणि नायसिन ही जीवनसत्त्वं तिच्यात छान असतात. 100 ग्रॅम बटन मशरूममधून बाईमाणसाच्या रोजच्या नायसिनचा पाव ते तिसरा हिस्सा मिळतो. तांबं आणि सेलेनियम आहे, चोथा आहे. मटणासारखी चव येते ती ग्लुटामेटमुळे. तुमच्या आजीची जीभ बरोबर सांगत होती, फक्त तिने चवीवरून ताकद ताडली.

एक विचारते. आईचं क्रिएटिनिन तपासलंय का? मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं आणि पोटॅशियम दोन्ही डॉक्टरांना विचारूनच वाढवायची. युरिक अॅसिड वाढलेलं असेल तरी बेताने.

कुडाळकरीण | 15 जुलै, सकाळी 10.15

@पथ्यपाणी, किती नेमकं लिहिलंत! क्रिएटिनिन आणि युरिक अॅसिड दोन्ही ठीक आहे, रिपोर्ट माझ्यासमोरच आहे. मुख्य उत्तर कळलं, जरा हिरमोडही झाला. आईला कसं सांगू हा प्रश्न उरतोच.

निवांत_राजापूर | 15 जुलै, दुपारी 12.30

कायटिन म्हणजे कुर्ल्यांच्या कवचात असतं तेच ना?

पथ्यपाणी | 15 जुलै, दुपारी 12.41

तेच. कुर्ल्या, कोळंबी, किडे यांच्या कवचात असतं ते. झाडपाल्यात नसतं. अळंबी वनस्पती नाहीच, बुरशीचं ते फळ. म्हणून ती नीट शिजवून, बारीक चावून खायची. कच्ची तर नकोच. म्हाताऱ्या माणसांना एकदम वाटीभर दिली तर पोट जड होतं ते यामुळेच.

सातपदरी | 15 जुलै, दुपारी 1.02

म्हणजे कुडाळकरीणताईंच्या आईचा चातुर्मास मोडला की हो!

भाऊ_आचरेकर | 15 जुलै, दुपारी 2.20

यावर थट्टा नको, आमच्या घरी यावरून दरवर्षी वाद होतो. माझी आत्या अळंबी मांसाहारात धरते. आषाढात एक वेळ चालेल, श्रावणात घरात आणूसुद्धा देत नाही. आई म्हणते जमिनीतून उगवतं ते सगळं शाकाहारी. जुन्या शास्त्रातही हा निषेध आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांद्याच्या पंगतीत कवक, म्हणजे अळंबीही वर्ज्य सांगितलीय. मात्र ते मांस म्हणून नव्हे, अशुद्ध जागी उगवतं म्हणून. आमच्या कोकणात कांदा-लसणीशिवाय अळंबी शिजत नाही, त्यामुळे ज्याला पाळायचं त्याने तिन्ही पाळावं, ज्याला खायचं त्याने तिन्ही खावं. मला आत्याचं पाळणं आवडतं. तिच्यामुळे आम्हा भावंडांच्या वाटणीला जास्त येते.

चिपळूणची_सई | 15 जुलै, दुपारी 3.55

वाद सोडा, कृती द्या. आमच्याकडे वाटणात सुकं खोबरं आणि कांदा चुलीत भाजून, धणे, मिरी, दोन लवंगा. अळंबी हाताने उभी फाडायची, सुरी लावायची नाही. शेवटी कोकमाची दोन सोलं.

देवगडचो_बाबलो | 15 जुलै, सायंकाळी 5.10

सोलां?? अळमीत सोलां घातलास तर अळमीची चव खय गेली? फक्त खोबरा, कांदो आणि मालवणी मसालो. खारावलेली सोलां बांगड्याक ठेवा.

पेडणेकार | 15 जुलै, सायंकाळी 6.33

आमच्या गोव्यात शाकुती करतात, खसखस घालून. आणि कोवळी, छत्री न उमललेली असेल तर नुसती तव्यावर मीठ-मिरी लावून. दोन्ही खाल्लंय, दोन्हीला तोड नाही.

आमच्याकडे वारुळाला रोयण म्हणतात आणि तिच्यावरची ती रोयणीची अळमी. सातेरी देवीचं रूपच वारूळ आहे, हे सावंतवाडी-पेडण्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. कितीतरी देवळांच्या गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळच आहे. आजोबा रोयणीजवळ गेले की आधी हात जोडत, मग कोयती बाजूला ठेवून बोटांनी अळमी उचलत. चार उमललेल्या तशाच सोडून येत. का विचारलं तर म्हणत, देवीचा वाटा.

रानभूल | 15 जुलै, रात्री 9.15

@पेडणेकार, तुमच्या आजोबांच्या त्या रीतीमागे खरी गोष्ट दडलेली आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून जरा लांबण लावतो.

वारुळावर येणाऱ्या या अळंबीचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी 1942 साली या कुळाला हे नाव दिलं. आपण वारूळ मुंग्यांचं म्हणतो, पण हे घर वाळवीचं. वाळवी पालापाचोळा, सुकं लाकूड चावून आत नेते आणि आपल्या विष्ठेतून स्पंजासारखे पोळे रचते. त्या पोळ्यांवर ही बुरशी वाढते. लाकडातलं लिग्निन, सेल्युलोज वाळवीला एकटीला पचत नाही. बुरशी ते फोडते आणि वाळवी ती बुरशी व पोळ्याचा जुना भाग खाते. म्हणजे ही वाळवी शेती करते, तीही माणसाच्या कितीतरी कोटी वर्षं आधीपासून. पावसाळ्यात जमीन मऊ झाली की त्या पोळ्यातून एक लांब मुळी वर निघते आणि जमिनीवर छत्री उघडते. आपण उचलतो ती छत्री, बाग आत तशीच राहते.

त्यामुळे वरची अळंबी अलगद काढली तर वारुळाला धक्का लागत नाही. मुळीच्या मागे लागून पहार घातली की पोळं फुटतं आणि पुढच्या पावसात त्या जागी काही येत नाही. चार उमललेल्या ठेवल्या की त्यांचे बीजाणू वाऱ्या-पावसाबरोबर रानात जातात. देवीचा वाटा म्हणा नाहीतर बियाण्याचा.

म्हणूनच ही अळंबी कोणाला शेतात पिकवता आलेली नाही. बटन आणि धिंगरी (ऑयस्टर मशरूम) यांची शेती होते, हिची होत नाही, कारण हिला वाळवी लागते. गोवा विद्यापीठात नंदकुमार कामत यांनी या कुळावर बरीच वर्षं काम केलं आहे. आफ्रिकेत झांबियाकडे याच कुळातली एक जात आहे, तिची छत्री मीटरभर रुंद होते. आपल्याकडची बारकी जात उलट, रुपयाच्या नाण्याएवढी, पण एकाच सकाळी शेकड्यांनी उगवते.

वर्धेकर_मावशी | 15 जुलै, रात्री 9.50

आमच्या विदर्भात हिलाच सात्या म्हणतात, टेकोडेही म्हणतात. तुमचा धागा वाचून माहेर आठवलं.

गॅलरीतली_बाग | 16 जुलै, सकाळी 8.30

आमच्या सोसायटीच्या लॉनवर मोठ्ठ्या पांढऱ्या छत्र्या आल्या आहेत, ताटलीएवढ्या. वरून पांढऱ्या, मध्ये तपकिरी खवले. आज्जी म्हणाल्या चांदीचा रुपया घालून उकळायचं, रुपया काळा पडला नाही की खायला हरकत नाही. करून बघू का?

रानभूल | 16 जुलै, सकाळी 8.34

नका! हात जोडून सांगतो, नका.

अनाम_पनवेल | 16 जुलै, सकाळी 9.26

@गॅलरीतली_बाग, हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं, पण तुमच्यासाठी लिहितो.

बारा वर्षांपूर्वी आम्ही नव्या इमारतीत राहायला आलो. पहिल्या पावसात समोरच्या गवतावर हुबेहूब तुम्ही लिहिल्यासारख्या छत्र्या आल्या. माझे काका मूळचे संगमेश्वरचे, लहानपणी अळंबी काढलेले. म्हणाले, हीच ती. काकीने लसूण टाकून शिजवली, लसूण काळी पडली नाही म्हणून सगळे निर्धास्त. दोन तासांत काका, काकी आणि माझी बहीण तिघांना उलट्या-जुलाब सुरू झाले. रात्रभर सलाइन. बहीण तेव्हा नऊ वर्षांची, तिचे डोळे खोल गेलेले मी अजून विसरलेलो नाही. तिघंही वाचले. नंतर उरलेल्या छत्र्या उलट्या करून पाहिल्या, तर खालच्या पाकळ्या हिरवट झालेल्या.

काका रानात कधी चुकले नव्हते. पण रान सोडून ते गवतावर आले आणि तिथे त्यांची ओळख कामाची नव्हती.

रानभूल | 16 जुलै, सकाळी 10.10

ती क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. लॉनवर, बागेत, पावसानंतर सर्रास येते. कोवळी असताना पाकळ्या पांढऱ्याच असतात, उमलून जून झाल्यावर हिरवट होतात. कागदावर छत्री उपडी ठेवली तर बीजाणूंचा ठसा हिरवा पडतो. तिचा त्रास एक ते तीन तासांत सुरू होतो, माणूस बहुधा वाचतो.

त्याहून वाईट ती अमानिटा कुळातली काही. त्यातलं विष शिजवून जात नाही, वाळवून जात नाही. आणि ते लगेच बोलत नाही. सहा, बारा, कधी चोवीस तासांनी उलट्या-जुलाब होतात, मग दिवसभर बरं वाटतं, घरचे म्हणतात उतरलं, आणि तेवढ्यात यकृत खराब होत जातं. अळंबी खाल्ल्यावर सहा तासांनी किंवा त्यानंतर त्रास सुरू झाला तर बरं वाटेपर्यंत थांबू नका, मोठ्या रुग्णालयात जा, आणि उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, बरोबर न्या.

चांदी, लसूण, तांदूळ, हळद, गोगलगायीने खाल्ली म्हणजे चांगली, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. विषाचा चांदीशी काही संबंध नाही. गोगलगायीचं पोट आपल्यासारखं नाही.

गॅलरीतली_बाग | 16 जुलै, सकाळी 10.25

टोपलीत काढून ठेवल्या होत्या. सगळ्या पिशवीत बांधून टाकून दिल्या, हात धुतले, आज्जींनाही सगळं वाचून दाखवलं. @अनाम_पनवेल, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल खूप खूप आभार. बहीण आता कशी आहे?

अनाम_पनवेल | 16 जुलै, सकाळी 10.31

छान आहे. नर्सिंग शिकते. मशरूम मात्र पिझ्झ्यावरचेही काढून ठेवते.

हातिवल्याचा_शेतकरी | 16 जुलै, रात्री 8.05

दोन गोष्टी माझ्याकडून.

पहिली, अळंबी कुठली आहे ते विचारूनच विकत घ्या. ही बुरशी जमिनीतलं जे असेल ते ओढून घेते, शिसं आणि कॅडमियमसुद्धा. महामार्गाच्या कडेला, वर्कशॉपच्या मागे, कचरा जाळतात तिथे उगवलेली घेऊ नये. आंबा-काजूच्या ज्या बागेत फवारणी होते तिथलीही मी घरात आणत नाही, आणि माझी स्वतःची बाग आहे. गडग्यापलीकडच्या रानातली आणतो.

दुसरी, रान उरलं पाहिजे. आमच्या सड्यावर माझ्या लहानपणी सात वारुळं अळंबीची होती. प्लॉट पडले, जेसीबी आला, आता दोन आहेत. माणसं विचारतात, यंदा अळंबी का कमी आली. वाळवी नको, वारूळ नको, पालापाचोळा जाळून टाकायचा, आणि अळंबी हवी, हे कसं जमायचं? मी त्या दोन वारुळांभोवती हात लावू देत नाही, तिथला पाला जाळत नाही. पत्नी म्हणते, जमीन पडून आहे. मी म्हणतो, पडून नाही, पिकते आहे.

सातपदरी | 16 जुलै, रात्री 8.40

@हातिवल्याचा_शेतकरी, शेवटची दोन वाक्यं दोनदा वाचली.

धिंगरीवाली | 17 जुलै, सकाळी 11.00

मी लांज्याकडे धिंगरी लावते, भाताच्या पेंढ्यावर. दापोलीच्या कृषी विद्यापीठात जाऊन शिकले. कुडाळकरीणताई, पोषणाच्या दृष्टीने धिंगरी आईला वर्षभर देता येईल, वारुळावरची वर्षातून चार दिवस. चवीत वारुळावरची सरस आहे हे मी धिंगरी विकत असूनही मान्य करते.

एक उपयोगी गोष्ट: अळंबीत अर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो, त्यावर ऊन पडलं की त्याचं ड जीवनसत्त्व होतं. तोडल्यानंतरही होतं. मी धिंगरी वाळवताना पाकळ्यांची बाजू वर करून दुपारच्या उन्हात पसरते. घरातच बसून असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ड जीवनसत्त्व कमी असतंच. पावसात ऊन कुठलं म्हणाल, तर उघडीप पडली की अर्धा तास खळ्यात सूप ठेवायचं. कावळ्यांवर लक्ष मात्र ठेवायला लागतं.

निवांत_राजापूर | 17 जुलै, दुपारी 12.12

बी-12 पण मिळतं का? शाकाहारी लोकांना अळंबी खा म्हणून सांगतात.

पथ्यपाणी | 17 जुलै, दुपारी 12.50

त्या भरवशावर राहू नका. असलं तर नगण्य. बी-12 साठी दूध-दही आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी.

आणि कुडाळकरीणताई, दोन दिवस एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. आपण अळंबीला मटणाशी तोलत बसलो. पण तुमच्या आजीच्या काळात पावसाळ्यात ताटात काय असायचं ते बघा. होड्या वर ओढलेल्या. आजही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. बाजारात भाजी नाही. घरात भात, सुका बांगडा असला तर, नाहीतर टाकळा, फोडशी, कुर्डू. अशा ताटात अळंबीची भाजी आली की चव, मीठ, ओलावा आणि दोन-चार जीवनसत्त्वं एकदम येतात, भूक लागते, माणूस भात जास्त जेवतो. आजारातून उठलेल्याला तेच हवं असतं. आजीने ताकद पाहिली ती अशी. तिने ग्रॅम मोजले नव्हते, उठून बसलेलं माणूस पाहिलं होतं.

हिशेबही करून देते. 54 किलो वजनाला रोज साधारण 45 ग्रॅम प्रथिनं लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं प्रमाण किलोमागे 0.83 ग्रॅम आहे. आई दिवसभरात काय खाते ते लिहून पाठवाल का? अळंबी किती मिळाली तेही. शक्य असेल तर वजन करून.

कुडाळकरीण | 19 जुलै, रात्री 9.30

शनिवारी सकाळी थेट गावालाच गेले. नाहीतर फोनवर "बरां" ऐकत बसले असते.

सकाळी काकींबरोबर टेंबावर जाऊन आले. त्यांनी मला वारूळ दाखवलं, पण परतताना दुसऱ्या वाटेने आणलं, मला वाट लक्षात राहू नये म्हणून. @देवगडचो_बाबलो, तुमची आठवण आली. काकी प्रत्येक अळंबी मुळीपासून बघत होत्या, एक उचलली, बुडाशी पांढरी पिशवी दिसली, लगेच फेकली आणि माझ्या हातातलं फडकंच बदलायला लावलं. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. त्यांना विचारलं, कसं कळतं? म्हणाल्या, "तुका तुझी आवस लांबसून वळखता येता ना, तसां."

निवडून, धुऊन 180 ग्रॅम भरली. मी शाळेतल्या मुलीसारखी वजनकाटा घेऊन बसले होते.

आईचा दिवस: सकाळी चहा-खारी. दुपारी भात, वरण अगदी पातळ, एखादी भाजी. रात्री भात-ताक. बास.

पथ्यपाणी | 19 जुलै, रात्री 10.05

180 ग्रॅमला 3 टक्के धरले तर 5 ग्रॅमच्या थोडं वर. म्हणजे एका अंड्याच्या जवळपास. कमी नाही! पण ते वर्षातले चार दिवस.

वरण पातळ असेल तर दिवसभरात आई 20-25 ग्रॅमवर अडते आहे. डाळीने पोट फुगतं म्हणालात ना? कुळीथ सोसतो का? कुळथाच्या पिठात 100 ग्रॅमला सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात. घट्टसर पिठीच्या दोन वाट्यांना 50 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे 11 ग्रॅम झाली. खारीऐवजी सकाळी दूध-पोहे किंवा दूध-लाह्या, रात्री ताकाऐवजी वाटीभर घट्ट दही, दुपारी मूठभर शेंगदाणे कूट करून भाजीत. अळंबी मिळेल तेव्हा पिठीबरोबर. तृणधान्यात जे कमी पडतं ते कडधान्य भरून काढतं, त्यामुळे भात आणि कुळीथ ही जोडी चांगली.

देवगडचो_बाबलो | 19 जुलै, रात्री 10.20

पिठी-भात आणि अळमीचा सुक्या!! ह्या जेवाण देवाक पण गावत नाय.

चिपळूणची_सई | 19 जुलै, रात्री 10.22

सोलं घातलेलं.

देवगडचो_बाबलो | 19 जुलै, रात्री 10.23

नाय.

कुडाळकरीण | 20 जुलै, दुपारी 2.45

आज दुपारी करून वाढलं. पिठी मी केली, जरा गुठळ्या झाल्या. अळंबी आईने केली, मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. सोलं नव्हती घातली, सई, माफ करा.

पथ्यपाणीताईंचा सगळा हिशेब मी तिला जेवताना वाचून दाखवला. अळंबी मटणाएवढी नाही, अंड्याएवढी आहे, हेही सांगितलं. ऐकत ऐकत तिने दुसऱ्यांदा भात घेतला, त्यावर पिठी ओतून घेतली. मग म्हणाली, "ह्यांच तर आमी पावसात खाय होतंव. तू मुंबैक गेलंस आणि मी एकटीसाठी कुळीथ दळूचा सोडून दिलंय."

उद्या सकाळी कुडाळच्या गिरणीत पाच किलो दळून घेते आहे आणि काकींच्या घरीही दोन किलो देऊन येते. @पथ्यपाणी, कुळीथ भाजून दळायचा की कच्चा?

पथ्यपाणी | 20 जुलै, दुपारी 2.58

भाजून. मंद आचेवर, वास सुटेपर्यंत. सालं पाखडून टाका, पिठी हलकी होते.